सातव्या महिन्यातली साखर आणि अर्धी भाकरी

‘ताई, मी बार्शीहून लिहितेय. वय 26, पहिलंच बाळंतपण, सत्ताविसावा आठवडा चालू आहे. तिसऱ्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं तेव्हा 112 आलं होतं. आता पुन्हा तपासलं तर 164. डॉक्टर म्हणाल्या, गरोदरपणातला मधुमेह आहे, दोन आठवडे जेवण सांभाळून बघू. मी भात बंद केला, दोन्ही वेळा अर्धी भाकरी आणि भाजी, एवढ्यावर राहिले. वजन दीड किलो उतरलं, उठताना चक्कर येते आणि लघवीत कीटोन सापडले. एवढं करून उपाशीपोटीची साखर 104 आणि जेवणानंतरची 146. आता इन्सुलिन घ्यायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, तू चहा-पोहे खाऊन गेलीस म्हणून रिपोर्ट चुकला, आणि इंजेक्शन एकदा लागलं की सुटत नाही, त्यापेक्षा कारल्याचा रस घे. हे काहीच बोलत नाहीत. पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण आहे. मी बारीक आहे, गोड फारसं खात नाही, माहेरी आईला मात्र शुगर आहे. माझं काय चुकलं? बाळ मधुमेह घेऊन जन्माला येईल का?’

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातला 164 हा आकडा वाचून मला फार काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती अर्ध्या भाकरीची. म्हणून आधी तेच सांगते. आज रात्रीपासून पोटभर जेव. सातव्या महिन्यात वजन उतरणं, चक्कर येणं आणि लघवीत कीटोन सापडणं, या तिन्हींचा अर्थ एकच आहे: तू उपाशी आहेस. खाणं कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, तिच्यातून कीटोन तयार होतात आणि ते वारेतून बाळापर्यंतही जातात. गरोदरपणात ही अवस्था नेहमीपेक्षा लवकर येते. साखर सांभाळायची म्हणजे ताट रिकामं करायचं, असा अर्थ तू काढलास. तो तुला कुणी नीट समजावला नसेल, तर ती आम्हा डॉक्टरांची उणीव आहे, तुझी नाही.

आता ‘माझं काय चुकलं’ याबद्दल. काही चुकलेलं नाही. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वार काही संप्रेरकं सोडते आणि त्यांच्यामुळे आईच्या अंगात साखर वापरायला लावणाऱ्या इन्सुलिनचा परिणाम मुद्दाम कमी केला जातो. घरात कुणाच्या तरी वाट्याची साय आधीच बाजूला काढून ठेवावी, तसं आईच्या रक्तातली साखर लगेच खर्च न होता बाळासाठी राखली जाते. ही निसर्गाचीच सोय आहे. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड या काळात जास्त इन्सुलिन तयार करून तोल सांभाळतं. काहींचं तेवढं पुरं पडत नाही. आपल्या देशात दहा-बारा गरोदर बायकांमध्ये एकीला तरी हे होतं. आईला मधुमेह असला की शक्यता वाढते, आणि ते तर तुझ्या हातात नव्हतंच.

‘मी बारीक आहे’ हे आपल्याकडे फार वेळा ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांनी इथली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, तिकडच्यांचं 3.5 किलो. आपली बाळं हडकुळी, पण त्यांच्या अंगावर चरबी मात्र वजनाच्या मानाने जास्त. मोठेपणीही आपल्या लोकांचा तोच प्रकार असतो. त्यामुळे हातपाय काडीसारखे असले म्हणून साखर वाढणार नाही, असं आपल्याकडे धरून चालत नाही.

रिपोर्ट चुकलेला नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं, ही चाचणी जेवून गेलीस काय किंवा उपाशी गेलीस काय, गरोदर बाईसाठी तशीच करायची असते. 140 किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेह धरायचा. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली आणि केंद्र सरकारनेही ती स्वीकारली. लांबच्या गावाहून एसटीने येणाऱ्या बाईला ‘उपाशीपोटी परत ये’ म्हटलं तर ती बहुधा येतच नाही, हा त्यामागचा साधा विचार. तेव्हा चहा-पोह्यांचा इथे दोष नाही. शिवाय तिसऱ्या महिन्यातले तुझे 112 ही फार चांगली गोष्ट आहे. बाळाचं हृदय, मेंदू, पाठीचा कणा यांची घडण पहिल्या तीन महिन्यांत होते, आणि त्या काळात तुझी साखर ठीक होती. गरोदरपणाआधीपासून मधुमेह असलेल्या बाईला या बाबतीत जी धास्ती असते, ती तुला नाही.

बाळ मधुमेह घेऊन जन्माला येत नाही. होतं ते वेगळंच. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. साखर जास्त आली की बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतं. त्या इन्सुलिनने बाळाच्या अंगावर, विशेषतः पोट आणि खांद्यांवर, चरबी चढते. बाळ फार मोठं झालं की बाळंतपण अवघड होतं. आणि नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर एकदम थांबते, पण बाळाचं इन्सुलिन काही तास चढंच राहतं, त्यामुळे बाळाची साखर उतरू शकते. हे सगळं साखर मर्यादेत ठेवल्याने बऱ्याच अंशी टळतं. तुझ्यापाशी अजून बारा-तेरा आठवडे आहेत आणि बाळाच्या अंगावर वजन चढायचा काळही हाच आहे.

मर्यादा कोणती, तर उपाशीपोटी 95 च्या आत आणि जेवणाला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी 120 च्या आत. कुणी डॉक्टर एका तासाने मोजायला सांगतात, तेव्हा 140 च्या आत. तुला कोणती वेळ सांगितली आहे ते पक्कं विचारून घे, नाहीतर एका वेळेचा आकडा दुसऱ्या वेळेच्या मर्यादेशी लावून उगाच जीव घाबरा होतो. घरी मोजणार असशील तर हात साबणाने धुऊन कोरडे कर. फळ चिरलेल्या बोटातून रक्त घेतलं तर आकडा फुगतो. सुई बोटाच्या टोकावर न मारता कडेला मारली की कमी दुखतं.

आता इन्सुलिन. तुझ्या आकड्यांकडे नीट बघ. जेवण अर्ध्यावर आणूनही उपाशीपोटीची साखर 104. का? कारण सकाळची साखर रात्रीच्या भाकरीतून आलेली नसतेच. रात्रभर यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडत असतं. त्याला आवर घालायचं काम इन्सुलिनचं, आणि वारेच्या संप्रेरकांपुढे तेच कमी पडतंय. तू रात्री काहीच खाल्लं नाहीस तरी हा आकडा खाली येईलच असं नाही, उलट कीटोन वाढतील. म्हणून तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं मला योग्य वाटतं. दोन आठवडे जेवण आणि चालणं सांभाळूनही आकडे वर राहिले की औषध सुरू करायचं, हीच रीत आहे. जेवण पुरेसं केल्यावर आकडे थोडे बदलतील, म्हणून ‘मी अर्धपोटी होते’ हे त्यांना स्पष्ट सांग, त्यावरून त्या डोस ठरवतील. काहींना मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालतात. त्या वारेतून बाळाकडे जातात, इन्सुलिन जात नाही, एवढा फरक लक्षात ठेव.

सुई बारीक आणि आखूड असते, ती कातडीखालच्या चरबीतच राहते. पोटावर टोचलं म्हणून बाळाला काही लागत नाही. तरी मन तयार होत नसेल तर मांडीवर घे. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दर मिलीलीटरला 40 युनिटच्या आणि 100 युनिटच्या, अशा दोन्ही मिळतात. 40 च्या सिरिंजला लाल टोपण असतं, 100 च्या सिरिंजला केशरी. बाटली आणि सिरिंज एकाच आकड्याची हवी. औषधाच्या दुकानातून आणताना दरवेळी जुळवून बघ, आणि हे काम नवऱ्यालाही शिकव. बाटली फ्रिजच्या दारात ठेव, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत डोस वाढत जातो, कारण वारेचा जोरही वाढत असतो. त्याचा अर्थ आजार बळावला असा नाही. उलट शेवटच्या आठवड्यांत साखर अचानक फार उतरायला लागली, डोस एकदम कमी लागायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबवायचं नाही. घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं, भूक एकदम भडकली तर साखर 70 च्या खाली गेली असं समजून आधी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पी. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं की काहीतरी खा. अशा वेळी ‘मला तर गोड बंद आहे’ हा विचार मनात आणायचा नाही. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेव.

जेवणाचं मी सविस्तर लिहिते, कारण तुझी खरी गोची तिथेच झाली आहे. दिवसाचं खाणं तीन मोठ्या आणि तीन छोट्या वेळांत वाटायचं. दुपारच्या ताटात आधी एक वाटी मुगाची किंवा मटकीची उसळ, नाहीतर घट्ट वरण, पालेभाजी, काकडी किंवा मुळ्याची कोशिंबीर. त्याच्या सोबतीने दीड भाकरी किंवा दोन पोळ्या, वर ताक. अंडी, मासे चालत असतील तर उत्तमच. भात आवडत असेल तर अर्धी वाटी घे आणि तेवढी भाकरी कमी कर, भाताशी वैर नको. उसळ आणि भाजी आधी पोटात गेली की साखर सावकाश चढते. ज्वारीच्या भाकरीने साखर वाढत नाही, असं पुष्कळ घरांत मानतात. वाढते, फक्त पोळीइतकाच तिचाही हिशेब ठेवायचा. नाचणीची भाकरी चालेल, पण तेच पीठ पातळ आंबिलीसारखं प्यायलं की साखर झटकन चढते. गूळ, मध, खडीसाखर ही सगळी साखरच. गुळाचा चहा प्यायला म्हणून शरीर फसत नाही.

सगळ्यात जपायचं ते सकाळी. सकाळी संप्रेरकांचा जोर जास्त असतो, त्यामुळे जे पोहे दुपारी चारला चालतील तेच सकाळी आठला आकडा चढवतात. न्याहारीला मुगाचं धिरडं, अंड्याची पोळी, दह्याबरोबर एक छोटं थालीपीठ घेऊन बघ. पोहे हवेच असतील तर निम्मे पोहे आणि निम्मी मोड आलेली मटकी किंवा मटार, शेंगदाणे हात मोकळा सोडून. साबुदाण्याची खिचडी आता बाळंतपणानंतरच, आणि उपवासही तेव्हाच. चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटं बंद, त्याजागी मूठभर फुटाणे. फळ एकावेळी एकच, दोन जेवणांच्या मधे: पेरू, संत्रं, छोटं सफरचंद. रस नको. रात्री झोपताना कपभर बिनसाखरेचं दूध आणि चार बदाम, म्हणजे रात्रीचा उपास फार लांबत नाही.

आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चाल, घरातल्या घरात, गच्चीवर, कुठेही. स्नायू हलले की ते रक्तातली साखर उचलतात. तुझे यजमान काही बोलत नाहीत असं लिहिलंस. काही पुरुष घाबरले की गप्प होतात. त्यांना सल्ला विचारू नकोस, काम दे. रात्रीच्या जेवणानंतर तुझ्याबरोबर चालणं आणि वहीत आकडे लिहिणं, ही दोन कामं त्यांची.

पुढचा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखव.

नमस्कार. सुनेने काही आपणहून ओढवून घेतलेलं नाही आणि तुमच्या स्वयंपाकाचाही यात दोष नाही. इंजेक्शन एकदा लागलं की सुटत नाही, ही भीती तुम्ही मोठ्या माणसांचा मधुमेह पाहिलात त्यातून आली असणार. इथे इन्सुलिन लागतंय ते वारेमुळे. बाळंतपणात वार पडली की बहुतेक बायकांचं इन्सुलिन त्याच दिवशी बंद होतं. कारल्याची भाजी तिला जरूर करून घाला, पण रस नको. त्याने साखर किती आणि कधी उतरेल याचा भरवसा नाही, पोटही बिघडतं, आणि इन्सुलिनबरोबर घेतला तर ती चक्कर येऊन पडू शकेल. मेथीदाण्यांच्या पुडीचंही तेच. ‘आता दोन जिवांचं खा’ असं आपण म्हणतो, त्यातली माया खरी आहे. ती ताटात उसळ आणि भाजी वाढवून दाखवा. डिंकाचे लाडू या तीन महिन्यांत नकोत.

डोहाळजेवण रद्द करू नकोस. हिरवी साडी नेस, फुलांची वाडी घाल, ओटी भरून घे. दिवसभर प्रत्येक बाई एकेक घास भरवते, तिथे सांभाळायला हवं. म्हणून भरवायच्या ताटात पेढे-जिलबीच्या जागी मुगाचं धिरडं, पनीरचे तुकडे, काकडी, ढोकळा असं मांडायला नणंदेला किंवा जावेला आधीच सांग. पेढा की बर्फी हे ओळखायचा खेळ असतोच, त्यातला एक तुकडा जेवणाच्या शेवटी खाल्लास तर आभाळ कोसळत नाही. लपवाछपवी मात्र करू नकोस. लपवलेल्या आजारात बाई सगळ्यांच्या आग्रहाला एकटी तोंड देत राहते, आणि इंजेक्शनची वेळही चुकते.

पैशांची ओढाताण असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला तपासण्या आणि औषधं मोफत मिळण्याची तरतूदही आहे. तुमच्या भागातल्या आशाताईंना विचार, त्यांना हे सगळं ठाऊक असतं.

पुढच्या तीन महिन्यांत रक्तदाबावर डोळा ठेवावा लागेल, कारण साखर वाढलेल्या आयांमध्ये तोही वाढण्याचा संभव जास्त. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चांदण्या आल्या, चेहरा सुजला, बाळाचं फिरणं कमी झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असलीस तरी दवाखाना गाठायचा. साखर आहे म्हणून सिझेरियनच होणार असं मुळीच नाही. बाळाचं वजन बेताचं आणि साखर आटोक्यात असेल तर पुष्कळ जणी नीट बाळंत होतात.

पहिलं बाळंतपण, म्हणजे तू बहुधा माहेरी जाशील. तर फाईल, वही, इन्सुलिन सगळं बरोबर ने आणि तिथल्या डॉक्टरांना निदान महिनाभर आधी दाखव. बाळंतपण अशा दवाखान्यात हवं जिथे बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन त्याची साखर बघतात. जन्मल्यावर पहिल्या तासात बाळाला अंगावर घे. तुझं पहिलं चीक दूध हेच त्याची साखर सावरणारं औषध आहे. कुणी मध चाटवायला किंवा गुटी द्यायला आलं तर आईला दाराशी बसव.

आणखी एक गोष्ट, ती आईलाही सांगून ठेव. बाळंत झालीस, इन्सुलिन सुटलं, सगळे म्हणतील गेली एकदाची शुगर. आणि मग अळिवाचे, डिंकाचे लाडू डब्याने सुरू होतील. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. तुझ्या आईलाही आहे, म्हणजे तुला दुप्पट जपायला हवं. बाळाला अंगावर पाजण्याने ती शक्यता कमी होते, वजन आटोक्यात ठेवण्याने आणखी कमी होते. आणि एक तपासणी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायचीच: पुन्हा 75 ग्रॅम ग्लुकोज, पण या वेळी उपाशीपोटी जाऊन, आधी एकदा आणि दोन तासांनी एकदा रक्त. माझ्याकडे गरोदरपणात साखरेसाठी न चुकता येणाऱ्या कितीतरी जणी या तपासणीला येतच नाहीत. बाळाचं रडणं, जागरणं, सव्वा महिन्याची धामधूम, यांत ती राहून जाते, आणि मग दहा वर्षांनी त्या भेटतात तेव्हा साखर तीनशेच्या घरात असते.

बाळाची दीड महिन्याची लस नेमकी त्याच सुमारास असते. ती कोणी चुकवत नाही. त्याच दिवशी सकाळी काही न खाता निघ, बाळाला टोचून घे, आणि तिथेच दोन तास बसून तुझंही रक्त देऊन ये. तुझ्या माता-बाल कार्डावर बाळाच्या लशीच्या रकान्याशेजारी आजच पेनाने लिहून ठेव: ‘आईची साखर’.

तुझी,
ताई